काटा दर्शवील त्याच्या विरुद्ध समजावे

माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असून दहावीचा विषय येथे अप्रस्तुत आहे. घोडेगावात तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल गेली बरीच वर्षे आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, जबाब, हरकत आणि हरकतीला उत्तर ही माझी कामे. आता सगळे ऑनलाइन झाले असे लोक म्हणतात. परंतु ऑनलाइन काय भरायचे, हे कुणीतरी आधी नीट मांडून द्यावेच लागते, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. मी तसे म्हणा असे कधी सांगितलेले नाही. म्हणू नका असेही सांगितलेले नाही.

पिंपळवंडीहून घोडेगावला मी रोज स्वतःच्या गाडीने येतो. ती जवळजवळ माझ्याच वयाची आहे. रंग चंदनी, दिवे गोल, दार लावले की आतल्या माणसाला आपण बंदोबस्तात आहोत असे वाटावे इतके जड. नव्या गाड्या पुष्कळ आल्या, पण कचेरीच्या आवारात शिरताना माणसाने ज्या गांभीर्याने शिरावे, ते गांभीर्य त्यांच्या ठायी नाही.

प्रस्तुत हकिकत या गाडीच्या पेट्रोलच्या काट्याची आहे. तीत माझी थोडी चूक आढळून येईल. ती मी आरंभीच मान्य करून ठेवतो, म्हणजे पुढे उलटतपासणीची गरज राहणार नाही.

झाले असे की, एके दिवशी तो काटा रिकाम्याच्या खुणेखाली जाऊन पडला आणि टाकी भरली तरी उठेना. आळेफाट्याला माझा नेहमीचा मिस्त्री आहे. तो माझ्याच वयाचा असून जुन्या गाड्यांवर त्याचा हात चालतो आणि माझ्यावर त्याची जीभ चालते. त्याने गाडी तपासून सांगितले की टाकीतला फ्लोट ठीक आहे, समोरचे गेज तेवढे गेले आहे. त्याच आठवड्यात फाट्यावरच्या भंगारवाल्याकडे एक जुनी जीप मोडायला आली होती. तिच्या गेजने मी पाहताक्षणी मोहित झालो. पांढरीशुभ्र तबकडी, भोवती चकचकीत कडे, आणि मध्ये काळा, टोकदार, शिस्तीचा काटा. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या टेबलावर शोभावे असे त्याचे रूप होते. ते मी रुमालात गुंडाळून मिस्त्रीपुढे ठेवले.

मिस्त्रीने ते उलटेपालटे करून पाहिले.

"ह्याचा फ्लोट कुठाय?"

"फ्लोट आपल्या टाकीत आहेच. तो चांगला आहे असे तुम्हीच म्हणालात."

"चांगला हाय वो. पण त्यो तुमच्या गाडीचा. आन ह्ये गेज जीपचं. भाऊसाहेब, ही दोघं एका घरची लागत्यात."

"म्हणजे सोयरीक जुळवायची आहे काय?"

"तसंच समजा. पत्रिका न बघता लगीन लावलं, तर म्या जबाबदार न्हाई."

मग त्याने मला फ्लोट खोलून दाखवला. ज्यांना ही गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी खुलासा करतो. टाकीत एक पोकळ डबी पेट्रोलवर तरंगत असते. तिला एक दांडी असते. पेट्रोल वाढले की दांडी वर जाते, आटले की खाली येते, आणि दांडीच्या बुडाशी जे तारेचे वेटोळे असते त्यातून वीज त्या मानाने कमी किंवा जास्त अडते. किती अडली, एवढाच निरोप तारेवरून पुढे गेजकडे जातो. गेज बिचारे पेट्रोल पाहत नाही. ते निरोपावर चालते.

मिस्त्रीने आपले वीज मोजायचे मीटर फ्लोटला लावले आणि दांडी हाताने वर उचलली. मीटरवरचा आकडा उतरत गेला.

"बगा. डबी वर गेली की आकडा उतरतो. तुमचं जुनं गेज काय म्हणायचं, आकडा उतरला, म्हंजी टाकी भरली. ह्ये जीपचं गेज उलटं शिकल्यालं हाय. आकडा चढला की टाकी भरली म्हणतंय. दोगंबी खोटं बोलत न्हाईत, पण दोगांची बोली येगळी."

हे मला तत्काळ समजले. मी अशा दोन कचेऱ्या पाहिल्या आहेत की ज्यांपैकी एकीत अर्जावर लाल खूण म्हणजे मंजूर आणि दुसरीत लाल खूण म्हणजे त्रुटी. एकीचा कारकून बदलून दुसरीत गेला तेव्हा महिनाभर ज्यांचे अर्ज मंजूर ते रडत होते आणि ज्यांचे फेटाळले गेले ते पेढे वाटत होते.

"मग ह्या जीपचाच फ्लोट आणतो," मी म्हणालो.

"तिची टाकी सकाळीच चेपून वजनाला गेली. पंधरा दिस थांबा, म्या तसला दुसरा हुडकतो. दांडीची लांबी बी तुमच्या टाकीच्या खोलीला जमवाय लागंल. घाई करू नका राव."

येथे मी विचार केला, आणि तो विचार, आजही मी म्हणेन, कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होता. एखादी चूक कुणाला ठाऊक नसेल तर ती चूक. तीच चूक सर्वांस आगाऊ लेखी कळविली, तर ती चूक राहत नाही, ती अट होते. आणि अटीवर जगातले अर्धे व्यवहार सुखाने चालले आहेत. काटा उलटा चालतो ना, मग चालू द्या. तो बदलण्याचे कारण नाही. कळविण्याचे कारण आहे.

मी मिस्त्रीला गेज बसवण्यास सांगितले आणि त्याच रात्री जेवणापूर्वी खालील मजकूर सिद्ध केला.

"सूचना. हे वाहन चालविणाऱ्या व यात बसणाऱ्या सर्वांस कळविण्यात येते की, सदर वाहनातील पेट्रोलदर्शक काटा वस्तुस्थितीच्या विरुद्ध दर्शवितो. सबब, काटा दर्शवील त्याच्या विरुद्ध समजावे. काटा भरलेले दर्शवील तेव्हा टाकी रिकामी, व रिकामे दर्शवील तेव्हा टाकी भरलेली समजावी. अर्ध्यावर असता मात्र अर्धीच समजावी. याबाबत मागाहून कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही."

खाली सही केली, शिक्का उमटवला, कागद दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून आणला आणि गेजच्या खाली दोन स्क्रूंनी पक्का केला. मिस्त्रीने तो ओठ हलवत पूर्ण वाचला.

"भाऊसाहेब, ह्येच्यापरीस फ्लोट बदलणं सोपं व्हतं."

"तुमचे काम तुम्ही पाहा, लिखाणाचे मी पाहतो."

माझ्या पत्नीने तो वाचला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अहो, घरातलं घड्याळ मागं पडतंय. त्याच्याखाली पण लावा की एक." या सूचनेवर मी कार्यवाही केली नाही.

आणि खरे सांगायचे तर व्यवस्था उत्तम चालली. काटा वर चढू लागला की मी पंपावर जाई. पेट्रोल भरताना तो डुलत डुलत खाली उतरे आणि माझे मन निश्चिंत होई. पंपावरचा माणूस काच खाली करायला सांगून सूचना वाचे आणि मला नमस्कार करी. मला या पद्धतीची इतकी सवय झाली की दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसलो आणि काटा भरलेल्यावर दिसला की मी त्याला आधी पंपावर घ्यायला सांगे. फक्त मिस्त्री कुरकुरत होता. लोक सूचना वाचून त्याला विचारीत, ही गाडी कुणी जोडली. ज्या माणसाच्या हाताखालून शेकडो गाड्या सरळ होऊन गेल्या, त्याच्या नावावर एक उलटा काटा लागला होता, आणि तोही शिक्क्यानिशी.

आता मूळ विषयाकडे वळतो.

डिंभ्याच्या धरणाच्या वर, पाण्याच्या काठाकाठाने पुढे गेल्यावर एक वाडी आहे. तिथल्या एक बाई माझ्या टेबलावर आल्या. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, चौथी शिकलेल्या, भाताची खाचरे स्वतः लावणाऱ्या. त्यांचे यजमान वारले होते. खाचरांच्या सातबाऱ्यावर बाईंचे नाव वारस म्हणून लागायचे होते, आणि त्याला त्यांच्या दिराने हरकत घेतली होती. दीर नोकरीच्या गावी राहतो. त्याचे म्हणणे असे की, तोंडी वाटणीत ती खाचरे त्याच्या वाट्याला आली होती, भाऊ केवळ राखण करीत होता. वाटणीचा कागद कुणाकडेच नव्हता. सुनावणीची पहिली तारीख पुढे गेली. दुसऱ्या तारखेला वाडीवर बस आली नाही आणि बाई पोहोचू शकल्या नाहीत. तिसऱ्या तारखेच्या नोटिशीत स्पष्ट लिहिले होते: सकाळी अकरा वाजता हजर न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून निर्णय देण्यात येईल.

"भाऊ, माझं नाव लागंल ना?" त्यांनी विचारले.

"हजर राहिलात तर म्हणणे मांडता येईल. न राहिलात तर खाचरे गेली असे समजा."

"बस आली तर ऱ्हाईन."

मी त्यांचा जबाब चार पानी लिहिला होता. त्यात एकही खाडाखोड नव्हती. असा जबाब केवळ बस आली नाही म्हणून वाया जावा, हे मला पटले नाही. मी म्हणालो, "ताई, बसची काळजी सोडा. मी स्वतः गाडी घेऊन वाडीवर येतो." आसपासच्या टेबलांवर ऐकू जाईल इतक्या आवाजात मी हे म्हणालो, याचा येथे उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे होईल.

डोंगरातला रस्ता म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी गाडी ब्रेकसाठी मिस्त्रीकडे ठेवली. संध्याकाळी आणायला गेलो तर गॅरेज बंद, मिस्त्री कुठेतरी पाहुण्यांकडे गेलेला, आणि किल्ली शेजारच्या चहाच्या टपरीवर. पुढच्या सीटवर पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक फाडलेला तुकडा पडला होता. त्यावर पेन्सिलीने चार-पाच ओळी होत्या. वर दिनांक नव्हता. प्रति कोण, विषय काय, याचा पत्ता नव्हता. खाली सही नव्हती.

माझ्या पिशवीला तीन कप्पे आहेत: चालू, प्रलंबित आणि निनावी. ज्या कागदावर नाव, दिनांक व सही नाही, तो मी वाचत नाही. या नियमाने मला आयुष्यात पुष्कळ मनस्तापापासून वाचवले आहे, कारण निनावी कागद वाचला की त्यावर विचार करावा लागतो. तो पुठ्ठा मिस्त्रीचा असणार हे उघड होते. परंतु उघड असणे वेगळे आणि कागदावर असणे वेगळे. ब्रेकबद्दल काही असेल, असे मी धरले. ब्रेक तर उत्तम लागत होता. पुठ्ठा मी तिसऱ्या कप्प्यात सारला.

सकाळी उजाडताच निघालो. काटा पावाच्या थोडा खाली होता. सूचनेनुसार टाकी पाऊण भरलेली. मला अंधूक आठवत होते की गाडी दिली तेव्हा टाकी अर्धी होती. मिस्त्रीकडे राहून पेट्रोल वाढले कसे, असा प्रश्न मनात आला. पण जुना स्नेह आहे, घातले असेल, असे म्हणून मी त्याला मनातल्या मनात धन्यवाद दिले. मंचरचा पंप आला, गेला. घोडेगावचा पंप आला. तिथल्या माणसाने ओळखीचा हात केला. मीही ऐटीत हात केला आणि पुढे गेलो.

घोडेगावापुढे एक चमत्कार दिसू लागला. काटा हळूहळू खाली उतरत होता. म्हणजे गाडी चालत होती आणि पेट्रोल वाढत होते. दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. मी विचार केला की हा चढाचा रस्ता आहे, चढावर पेट्रोल मागे सरकते, डबी मागच्या बाजूला उचलली जाते, आणि काट्याला भरल्याचा भास होतो. उतरणीला लागलो की तो जाग्यावर येईल. हा खुलासा मला इतका आवडला की तो मी स्वतःलाच दोनदा सांगितला.

वाडीवर बाई केव्हाच्या तयार होऊन रस्त्यावर उभ्या होत्या. धुतलेले लुगडे, कागदांची पिशवी, आणि भाकरीचे गाठोडे. मी गाठोडे ठेवायला डिकी उघडली. त्यांनी ते ठेवले, आणि मग खाली वाकून डिकीच्या पोटाखाली, टाकी असते नेमकी तिथे, बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केले.

"भाऊ, हिच्यात तेल हाय का?"

"भरपूर आहे."

"वाजतीया तर रिकामी."

वाडीवर भात कणगीत भरतात. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, पुरुषभर उंचीची कोठी. तिच्यात किती भात उरला हे पाहायला या बायका झाकण काढीत नाहीत. बाहेरून टकटक करीत खाली खाली येतात, आणि आवाज जिथे भरीव होतो तिथपर्यंत भात.

"ताई, गाडी म्हणजे कणगी नव्हे. बसा, आणि हे वाचा."

त्यांनी पुढच्या सीटवर बसून सूचना बोट फिरवत वाचली. वाचायला वेळ लागला, पण एक शब्द सोडला नाही.

"म्हंजी काटा खोटं बोलतो, आन तुमी त्येच्याकडंच बगून चालता?"

"तो नेहमीच खोटे बोलतो, ताई. जो नेहमी खोटे बोलतो त्याच्यावर विसंबता येते."

"तसा मग माझा दीरबी लई भरवशाचा हाय," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

परतीच्या वाटेवर, जिथे रस्ता धरणाच्या पाण्याला अगदी लागून जातो, तिथे गाडी दोनदा खोकली, एक आचका दिला आणि थांबली. रस्ता तिथे चक्क उतरणीचा होता. काटा मात्र जाग्यावर आलेला नव्हता; तो तळाला टेकला होता. सूचनेनुसार टाकी काठोकाठ भरलेली होती.

मी बॉनेट उघडले. कार्बोरेटरवर संशय व्यक्त केला. एक तार काढून पुसून परत लावली. मोबाइलला तिथे रेंज नसते. बाई रस्त्याकडेच्या दगडावर बसून माझ्याकडे पाहत होत्या. साडेनऊ वाजून गेले होते.

"अकराला न्हाई पोचलो तर?" त्यांनी विचारले.

"अधिकारी त्यांच्या परीने निर्णय देतील."

"म्हंजी दिराच्या बाजूनं."

मी पुसलेली तार पुन्हा काढून पुसली.

त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी चालाय लागते. तुमी गाडी बगा. माझा त्यो कागूद तेवढा द्या."

घोडेगाव तिथून पायी अकरापर्यंत येण्यासारखे नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. मी जबाब काढायला पिशवी उघडली. घाईत कप्पा चुकला आणि तो पुठ्ठा निसटून त्यांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला आणि, सूचना वाचली तशीच, बोट फिरवत मोठ्याने वाचला.

"भाऊसाहेब, फ्लोट घावला. बसवला. काटा आता खरं बोलतो. तुमची पाटी काढून टाका. टाकी काढताना पेट्रोल सांडलं, आता थोडंच हाय, आदी पंपावर जावा."

पाण्यावरून वारा येत होता. बाईंनी पुठ्ठ्याची दुसरी बाजू पाहिली. तिकडे काही नव्हते.

"कुणाचं हाय ह्ये?"

"मिस्त्रीचे."

"कवाचं?"

"कालचे."

"मग वाचलं न्हाई?"

"त्यावर सही नव्हती."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरे वाटले असते. "वाटणीच्या कागदावर माझ्या मालकांची बी सही न्हाई," त्या म्हणाल्या. "कागूदच न्हाई, तर सही कुटली. पण खाचरं मालकांनीच कसली, भाऊ. मग ती खोटी का?"

मी चार पाने लिहिली होती आणि हे वाक्य त्यांत नव्हते.

तेवढ्यात वरच्या बाजूने मोटारसायकल आली. मागे मासळीचे दोन क्रेट बांधलेले, चालवणारा धरणात जाळी टाकणारा एक गडी, गुडघ्यापर्यंत ओला. त्याने गाडी थांबवली.

"काय पावणं, पाण्याला बसलाय व्हय?"

बाईंनीच त्याला सगळे सांगितले, आणि मला वाटले त्याहून कमी शब्दांत सांगितले. अकराची तारीख ऐकताच त्याने आपल्या टाकीखालची नळी उपसली आणि पाण्याची एक रिकामी बाटली तिच्याखाली धरली. बाटली भरली. आता ती माझ्या टाकीत ओतायची कशी, कारण माझ्या टाकीचे तोंड आडवे आणि आत वळलेले.

"नरसाळं हाय का?"

नव्हते. त्याने गाडीत डोकावून पाहिले आणि त्याची नजर सूचनेवर स्थिरावली.

"ह्ये चालंल. जाड हाय."

मी खिशातल्या नाण्याने दोन्ही स्क्रू काढले. त्याने सूचनेची निमुळती सुरळी वळली, टोक टाकीच्या तोंडात खुपसले, आणि पेट्रोल माझ्या सहीवरून, शिक्क्यावरून आणि 'मागाहून कोणतीही तक्रार' या शब्दांवरून एक थेंबही न सांडता आत गेले. दुसरी बाटली ओतताना त्याने वाचायला सुरुवात केली.

"काटा दर्शवील त्याच्या इरुद्ध... भाऊ, ह्ये कुणी लिवलं?"

"लिहिले आहे कुणीतरी," मी म्हणालो.

"सही हाय की खाली," बाई म्हणाल्या.

गाडी सुरू झाली. काटा खुणेवरून केसभर उठला, आणि तो उठला म्हणजे पेट्रोल वाढले, हे मनाला पटवायला मला घोडेगावपर्यंतचा रस्ता पुरला नाही. तो खाली टेकला की जीव भांड्यात पडे, आणि पुन्हा दचकून मी स्वतःला सांगे, उलट, उलट. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुमी रस्त्याकडं बगा. काट्याकडं मी बगते." त्यांनी पूर्ण वाट काट्यावरची नजर काढली नाही, आणि पंपाशी आल्यावर त्यांनीच हात दाखवून गाडी आत घ्यायला लावली.

आम्ही पोहोचलो तेव्हा अकराला थोडाच अवकाश होता. दीर इस्त्रीचा सदरा घालून आधीच बसला होता. मला आत बोलण्याचा अधिकार नाही; अर्ज लिहिणारा दारापर्यंत, वकील असेल तर आतपर्यंत. मी दारापाशी उभा राहिलो. पेट्रोलचा आणि मासळीचा वास माझ्या अंगाला येत होता. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी माझा चार पानी जबाब घेतला, चाळला आणि बाजूला ठेवला. मग विचारले, "बाई, जमीन कोण कसतं?"

"आमी," त्या म्हणाल्या. "वड्याकडनं धरलं तर पयलं खाचर उंबराचं, मग दगडाचं, मग लांबडं, मग सासूबाईनं बांध घातल्यालं. त्येच्या पल्याड हिरड्याची दोन झाडं. त्यांच्या अंगानं पाट येतो. पाट दर साली मी काढते, मालक व्हते तवा दोघं काढायचो."

अधिकाऱ्यांनी दिराला विचारले, दगडाच्या खाचरात पाणी कुठून येते. दिराने छताकडे पाहिले. म्हणाला, "पाटाने येत असेल." हे सगळे अधिकाऱ्यांनी लिहून घेतले. त्या दिवशी मी प्रथमच पाहिले की माझ्या मजकुराशिवायही बाजू मांडता येते. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मिस्त्रीला भेटायला मी दोन दिवस लावले. तो एका ट्रॅक्टरखाली होता. खालूनच त्याने विचारले, "चिठ्ठी वाचली का, भाऊसाहेब?"

"वाचली."

"कवा?"

"सवडीने."

तो बाहेर आला, माझ्या तोंडाकडे पाहिले, गेजखालच्या स्क्रूंच्या दोन रिकाम्या भोकांकडे पाहिले, आणि पुढे काही विचारले नाही. जुन्या स्नेहाचा हा भाग मी फार मोठा मानतो. फ्लोट त्याने ओतूरकडच्या कुणा जीपवाल्याकडून मिळवला होता, दांडी माझ्या टाकीच्या खोलीला जमवायला तीनदा वाकवून पाहिली होती, आणि हे सगळे न सांगता केले होते, कारण सांगितले असते तर मी सूचनेच्या बाजूने बोललो असतो. त्यानंतर तो माझ्या गाडीत चिठ्ठी ठेवतो तेव्हा वर दिनांक आणि खाली भली मोठी सही ठोकतो, आणि मधला मजकूर "ऑइल बदलले" एवढाच असतो. पिशवीचा तिसरा कप्पा मी अजून ठेवला आहे. फक्त तो आता रोज सकाळी टेबल मांडल्यावर पहिला उघडतो.

सूचना त्या मासळीवाल्याकडे आहे. परत मागितली तेव्हा तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की, लई कामाची हाय." ओळखीचे लोक सांगतात की धरणाच्या काठावर ज्याचे पेट्रोल संपते तो आता त्याच्याकडे ती मागतो. माझ्या इतर लिखाणाला एवढा वाचकवर्ग लाभलेला नाही.

निकाल लागल्यावर पुढच्या महिन्यात बाई टेबलावर आल्या. नव्या सातबाऱ्याची प्रत त्यांनी स्वतः काढून आणली होती. नाव पूर्ण होते, काना-मात्रेसह बरोबर होते. मी दोनदा तपासले. सोबत पदरात बांधून थोडा नव्या भाताचा तांदूळ आणला होता. मी तो घेतला. गाडी लिंबाखाली उभी होती. जाताना त्या तिच्या मागच्या बाजूला वाकल्या, आणि सगळ्या टेबलांदेखत बोटांच्या पेरांनी टाकीवर टकटक केले.

"अर्ध्याला जरा कमी हाय, भाऊ."

त्या गेल्यावर मी गाडीत बसून किल्ली फिरवली. काटा हळूहळू उठला आणि अर्ध्याच्या किंचित खाली येऊन थांबला.